टोपीला हात लावायचा नाही

एक खुरपं घ्यायचं तरी आमच्या मंडळात मतदान होतं. लांब दांड्याचं की आखूड, लाकडी मुठीचं की प्लास्टिकच्या, यावर अख्खी संध्याकाळ जाते. हात वर होतात, मोजले जातात, मग कुणीतरी म्हणतं की मी चुकून वर केला होता, पुन्हा मोजा. तोवर अंधार पडतो आणि वाफ्यातलं तण तसंच राहतं. विद्यापीठाचं विद्यार्थी उद्यान मंडळ हे असं आहे. सगळं विद्यार्थ्यांनीच चालवायचं, म्हणजे कुणीच नाही चालवायचं. गेल्या वर्षी मला अध्यक्ष केलं तेही मतदानानेच, कारण त्या दिवशी मी गैरहजर होते.

मला हे लोक हेडमास्तर म्हणतात. आधी मागून म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. म्हणोत बापडे. पाण्याची झारी वापरून झाली की उलटी ठेवायची, हे ज्यांना वर्षभरात जमलं नाही त्यांना हेडमास्तरच हवा.

प्रयोगशाळेच्या मागे एक जुना पेरू होता. मुद्दाम कुणी लावला असेल असं वाटत नाही, पण फळ काय होतं. आतून गुलाबी, बिया मोजक्या, आणि वास असा की खिशात ठेवला तर शर्ट धुतल्यावरही जात नसे. हे मला शर्टामुळेच माहीत आहे. माझे बाबा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून होते. दुपारचा डबा झाला की त्या झाडाखाली उभं राहून एक पेरू खायचे. मिठाची पुडी त्यांच्या ड्रॉवरमध्ये कायम असायची. आणि संध्याकाळी एक पेरू माझ्यासाठी खिशातून यायचा.

निवृत्ती जवळ आली असताना त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते घेऊन समोर बसतात, हा कप, हे घड्याळ, आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे चुकलेले अर्ज परत करणाऱ्या माणसाला कुणी कप दाखवून कप म्हणायला लावलं तर तो काय बोलणार? मागच्या हंगामात मी त्या झाडाचा पहिला पेरू घरी नेला, फोड करून त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी चावली, थोडं थांबले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "मीठ."

आई मीठ आणायला धावली ती रडतच. पेरूचे दिवस होते तोवर बाबा रोज काही ना काही बोलत होते. एकदा आईला म्हणाले, "जाड चिरलास." पेरू संपले आणि ते परत गप्प झाले. मग मी बाजारातले पेरू आणले, लांबच्या गावांतून येणारे आणले, महागातले आणले. ते वास घेतात आणि ताटली बाजूला सारतात.

आणि नेमकं त्याच झाडाच्या जागी वाहनतळ होणार होता.

मंडळात हा विषय निघाला तेव्हा निषेध करायचा की निवेदन द्यायचं यावर मतदान झालं. मी म्हटलं, दोन्ही करा, पण आधी त्याची कलमं करून घेऊ. बी लावली तर पोर आईसारखं निघेलच असं नाही. कलम केलं तर झाड तेच राहतं, फक्त पाय दुसऱ्याचे. शेडमध्ये साध्या पेरूची रोपं कुंड्यांत तयार होती. त्यांचा शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर द्यायची, जुन्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. मग त्या काडीवर प्लास्टिकची लांबट टोपी घालून खालून गाठ मारायची, म्हणजे आत दमटपणा राहतो आणि काडी जीव धरते. कोंब फुटून पानं येईपर्यंत टोपी काढायची नाही. काम एवढंच.

घरचं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मंडळाची माती, मंडळाच्या कुंड्या आणि अध्यक्षाच्या बापासाठी पेरू, असं कुणी म्हणायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर बाबांची कीव कुणी केलेली मला सहन होत नाही.

काड्या घ्यायच्या तर त्या आधी झाडावरच तयार कराव्या लागतात. चांगल्या फांद्या निवडायच्या आणि त्यांची पानं काढून आठवडाभर तशाच सोडायच्या, म्हणजे कोंब फुटायचे डोळे फुगतात. मी एका दुपारी शिडी लावून सगळ्या चांगल्या फांद्यांची पानं काढली. मंडळाच्या ग्रुपवर तसं लिहिलं. आमच्या ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि वाचत कुणी नाही.

आमच्यात एक मुलगा आहे, त्याला सगळे पोस्टर म्हणतात, कारण काहीही झालं की तो पोस्टर करतो. रोप लावलं, पोस्टर. रोप मेलं, पोस्टर. त्याने उघड्या फांद्या पाहिल्या आणि त्याला वाटलं, झाड वाळलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठभर झाडाचा फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत, हे झाड मरतंय, तुम्ही गप्प का?

कुणीच गप्प बसलं नाही. विद्यापीठाच्या जागा बघणाऱ्या इस्टेट विभागाचे साहेब त्याच आठवड्यात आले. जिवंत झाड तोडायला त्यांना परवानग्या लागत होत्या, समिती लागत होती, म्हणून आमच्याकडे महिना होता. वाळलेलं झाड तोडायला काहीच लागत नव्हतं. साहेबांनी पोस्टरकडे बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाले, तुमच्याच मंडळाने जाहीर केलंय ना. मी त्यांना फांदी नखाने खरवडून आतली हिरवी साल दाखवली. त्यांनी ती पाहिली, मान डोलावली आणि करवतवाल्यांना हात केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करवतीच्या आवाजात मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं नाही.

झाड पडल्यावर आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. डोळे अजून पुरते फुगले नव्हते, आणखी तीन-चार दिवस मिळायला हवे होते. मिळेल त्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि शेडमध्ये बसून त्याच दुपारी सगळी कलमं बांधली. पोस्टर माझ्याकडे न बघता पट्ट्या कापून देत होता. पैलवान, म्हणजे आमच्यातला खड्डे खणणारा, त्याच्या बोटांत ती काडी दिसतसुद्धा नव्हती, म्हणून त्याला कुंड्या उचलायला लावलं. जिला आम्ही डॉक्टर म्हणतो ती मुलगी वनस्पतिशास्त्राची. तिला प्रत्येक गोष्टीचं लॅटिन नाव येतं आणि झारी उलटी ठेवता येत नाही. पण तिचा हात स्थिर होता, काप तिने सुंदर घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा मतदान न करता आम्ही काहीतरी केलं.

बारा कलमं झाली. मी ती हिरव्या जाळीच्या सावलीत एका रांगेत ठेवून घेतली, भिंतीवर खडूने लिहिलं, टोपीला हात लावायचा नाही, आणि खाली दोन रेघा ओढल्या. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवलं. त्यांनी अंगठे दाखवले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. टोपीच्या आत बाष्प धरतं, बाहेरून काही धड दिसत नाही, नुसती एक धूसर काडी. वर्गात लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. मग एके सकाळी रांगेतल्या पहिल्या टोपीत हिरवा ठिपका दिसला, आणि मग तिसऱ्या, मग सातव्या. मी घरी जाऊन आईला सांगितलं. बाबा ऐकत होते की नाही कळलं नाही, पण त्यांनी खिडकीकडून तोंड वळवलं होतं.

आणि मग ती मरायला लागली. आधी पहिलं. ठिपका तपकिरी झाला, मग काळा, मग काडीच सुरकुतली. दोन दिवसांनी सातवं. मग जी फुटलीही नव्हती तीसुद्धा. मला काही उमगेना. पाणी बरोबर, सावली बरोबर, पट्ट्या घट्ट. डॉक्टरने बुरशीचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि औषध फवारावं की नाही यावर बैठक बोलवायला सांगितली. पोस्टर म्हणाला, साहेबांच्या लोकांनी मुद्दाम काही केलं असेल. पैलवान नुसता जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं त्याला वाईट वाटतंय. वाटत होतंच, पण त्याचं कारण वेगळं होतं.

ते कळलं दुसऱ्या दिवशी. पहिलं व्याख्यान रद्द झालं म्हणून मी वेळेआधीच शेडकडे गेले. पैलवान रांगेपाशी गुडघ्यांवर बसला होता. एका हातात टोपी, दुसरा हात कुंडीभोवती वाऱ्याला आडोसा धरून, आणि चेहरा पाळण्यात वाकून बघावं तसा. मला बघून तो इतका दचकला की टोपी हातातून पडली.

"फक्त बघत होतो," तो म्हणाला. "लगेच लावणार होतो."

मी विचारलं, किती वेळा. तो म्हणाला, रोज एकदाच, सकाळी, कुणी नसताना. एवढा आडदांड माणूस माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

संध्याकाळी मी बैठक बोलावली. सगळे उलट्या क्रेटांवर बसले. पैलवानाला मारायला उठतील अशी माझी अपेक्षा होती, पण सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, आपल्याकडे सगळं मतदानाने होतं ना, मग हेही होऊ दे. ज्यांनी ज्यांनी टोपी उघडली त्यांनी हात वर करा.

पैलवानाचा हात वर होताच. मग डॉक्टरचा गेला. ती म्हणाली, कोंबाची लांबी मोजल्याशिवाय नोंद कशी ठेवणार, आणि दिवसाआड मोजायला काय हरकत आहे. मग पोस्टरचा. त्याला फोटो हवा होता, प्लास्टिकमधून नीट येत नव्हता. मग पाणी घालणाऱ्या दोघींचे, त्यांना वाटलं आत गुदमरत असेल, जरा हवा लागू द्यावी. मग मागच्या क्रेटांवरचे. एकेक करून सगळे हात वर झाले. पुन्हा मोजायची गरज पडली नाही. मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेला हा पहिला ठराव.

प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्याने एकदा बघितलं तर काय बिघडतं. दुष्टपणा कुणाचाच नव्हता, हेच तर डोकं फिरवणारं होतं. दुष्ट असते तर हाकलून दिलं असतं. ह्या लोकांनी प्रेमाने बघून बघून अकरा कलमं मारली होती.

अकरा, कारण बारावं रांगेच्या टोकाला, मोठ्या पिंपाच्या आडोशाला गेलं होतं. कुंड्या उचलताना पैलवानाने ते तिथे सरकवलं आणि विसरला. त्याच्या टोपीची गाठ मी मारली होती तशीच होती, माझ्या पद्धतीची, दोन वेढे आणि उलटा फास. बाकी सगळ्यांच्या गाठी बदललेल्या होत्या, आणि इतके दिवस ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. हेडमास्तर म्हणवून घेते आणि गाठी बघत नाही.

मी ती कुंडी उचलली आणि म्हटलं, ही मी घरी नेणार. डॉक्टर म्हणाली, मंडळाची मालमत्ता आहे, घरी न्यायची तर ठराव लागेल. ती वाईट मुलगी नाही, तिला नियम आवडतात एवढंच. पण माझा बांध फुटला.

"माझ्या बाबांना हवाय तो," मी म्हटलं. "ते बोलत नाहीत. हा पेरू खाल्ला की बोलतात. फळ धरायला दोन वर्षं लागतील, आणि तोवर ते असतील की नाही मला माहीत नाही. कर मतदान."

कुणी हात वर केला नाही. पोस्टरने नाक पुसलं. पैलवान उठला, त्याने माझ्या हातातून कुंडी घेतली आणि बसथांब्यापर्यंत दोन्ही हातांत धरून घेऊन आला. रस्ताभर तो टोपीकडे न बघता समोर बघत चालला, आणि त्यामुळे दोनदा ठेचकाळला. माझा राग गेला नव्हता. पण बस आल्यावर मी त्याला म्हटलं, उद्या ये, झारी उलटी ठेव.

घरी मी कुंडी बाबांच्या खिडकीत ठेवली, कारण सकाळी तिथे ऊन येतं आणि दुपारी सावली असते. आईला बजावलं. शेजारच्या काकूंना बजावलं, कारण काकूंना आमच्या घरातलं प्रत्येक झाकण उघडून बघायची सवय आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनाही सांगितलं. आई म्हणाली, अगं, बाळंतिणीच्या खोलीलासुद्धा एवढे नियम नसतात. मी म्हटलं, बाळंतिणीला कुणी उघडून बघत नाही.

बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांना काय सांगायचं, असं वाटलं, ते कुठे काय करतात. ते खुर्चीत बसून कुंडीकडे बघायचे. पूर्वी खिडकीबाहेर बघायचे, आता खिडकीत बघायला लागले, एवढाच फरक.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून वर्गाचं काहीतरी लिहीत होते. खुर्ची करकरली म्हणून वर पाहिलं. त्यांचा डावा हात उठला होता आणि कुंडीकडे चालला होता. हळूहळू, पण नेमका टोपीच्या गाठीवर. मी पटकन त्यांचं मनगट धरलं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "हात नाही लावायचा. मरेल ते."

माझ्या आवाजात ती सगळी बैठक होती, ते सगळे वर झालेले हात होते. एवढ्या मोठ्याने बोलायचं कारण नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी हात मागे घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायला लागले, आधी नुसतेच, मग जबडा एका बाजूला ओढला गेला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी त्यांना सांगणार होते की राहू द्या, त्रास नका करून घेऊ.

"बघू," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "दे."

पेरू नव्हता, मीठ नव्हतं, हंगाम नव्हता. आईने तोंडावर पदर धरला.

आता मी काय करायचं होतं? इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी मी अख्ख्या मंडळाचं डोकं खाल्लं, पैलवानासारख्या माणसाला मान खाली घालायला लावली, तीच गोष्ट बाबा मागत होते, आणि मागत होते तोंडाने. पुढे दोन वर्षांनी येणाऱ्या फळासाठी मी आज त्यांना नाही म्हणायचं? मला रागच आला. कलमाचा, त्या साहेबांचा, पोस्टरचा, झटक्याचा, सगळ्याचा एकदम.

मी गाठ सोडली. दोन वेढे, उलटा फास. टोपी अलगद वर ओढली. आतून ओल्या मातीसारखा वास आला. काडी ओली होती, आणि तिच्या एका बाजूला, पट्टीच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा कोंब होता. टोपीतून दिसायचा तसा हिरवा नव्हे, तांबूस, त्या झाडाची कोवळी पानं असायची तसाच. मीही तो पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा पुढे वाकले. मला वाटलं ते हात लावतील, पण त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि नुसतं बघितलं. मी मनात सेकंद मोजत होते आणि आई माझ्या मागे येऊन वाकून बघत होती. दारात काकूही होत्या, त्या कधी आल्या कुणास ठाऊक.

मग बाबा मागे टेकले.

"झाक," ते म्हणाले.

मी टोपी घातली. घाईत गाठ धड बसेना, शेवटी कशीबशी बांधली. बाबांनी बोट पुढे करून ती हलवून पाहिली. सैल होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परीक्षा विभागाच्या खिडकीतून चुकलेला अर्ज परत करताना बघायचे ना, अगदी तसंच. मी ती सोडली आणि पुन्हा नीट बांधली.